पेट्यांवरचे नंबर बदलतात आणि घर वाकडंतिकडं उभं राहतं, तो मुका कॉमेडी पिक्चर कुठला? शिबिरात पोरांना दाखवायचाय

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे होती. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला. आमच्या गावात मराठी शाळा आणि कन्नड शाळा एकाच आवारात हायत, मधी एक जुना आंबा, दुपारचं जेवण दोन्हीकडची पोरं त्याच्याखालीच करतात. एप्रिलच्या सुट्टीत आम्ही पाचसहा जण मिळून या सगळ्या पोरांसाठी आठ दिवसांचं शिबिर घेतो, यंदाचं तिसरं वर्ष. रोज अंधार पडला की भिंतीवर काहीतरी दाखवतो आणि घोळ तिथंच होतो. पहिल्या वर्षी मराठी पिक्चर लावला, अर्ध्या तासात कन्नड शाळेची पोरं उठून गोट्या खेळायला गेली. पुढच्या वर्षी कन्नड लावला तर मराठीवाली जांभया देत बसली. तशी खेळताना सगळी पोरं दोन्ही भाषा बोलतात ओ, पण पिक्चरमधलं भरभर बोलणं वेगळं पडतं. म्हणून यंदा बोलणंच नसलेला पिक्चर लावायचा असं ठरवूलालोय.

आता मला लहानपणी बघितलेला एक आठवतोय. गावच्या यात्रेला तंबूत पडदा लावून पिक्चर दाखवायचे, मोठा पिक्चर सुरू व्हायच्या आधी एक छोटा काळापांढरा लावला होता. नवरा-बायको नवीन लग्न झालेली, त्यांना पेट्यांमध्ये भरलेलं घर मिळतंय, पेट्यांवर नंबर, त्या नंबरप्रमाणं जोडत जायचं. आणि एक जळका माणूस येऊन नंबरच बदलून ठेवतो. मग ते घर असलं उभं राहतं की बघायला नको. पुढं पावसावाऱ्यात ते घर गरागरा फिरतं आणि शेवटी रेल्वेच्या रुळावर अडकतं. एवढंच आठवतंय, पण माझा आजा, जो घरात कधी मोठ्यानं बोलायचा पण नाही, तो त्या दिवशी मांडीवर थापा मारून हसला होता, डोळ्यातनं पाणी येईपर्यंत. ते काही विसरलेलो नाही.

तर हा पिक्चर कुठला, आज मिळतो का, गावात असा फुकट दाखवला तर कायद्यानं चालतं का, आणि मधी मधी जे इंग्रजी पाट्या येतात त्यांचं काय करायचं? आवाज नसला तर पोरं बसतील का ही पण एक काळजी हाय. जुन्या जाणकारांनी सांगा.

रीळवेडा

भाऊ, तुम्ही पेट्या आणि नंबर म्हणालात तिथंच ओळखला. बस्टर कीटनचा 'वन वीक', सप्टेंबर १९२० चा. दोन रिळांचा, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचा. आणि तुमच्या आजोबांना तो आवडला यात नवल नाही, माझ्या मते सगळ्या मुक्या शॉर्ट कॉमेडीत हा पहिल्या पाचात बसतो.

थोडं मागचं सांगतो. कीटनचा जन्म १८९५ चा, म्हणजे ज्या वर्षी पॅरिसला ल्युमिएर बंधूंनी पहिल्यांदा तिकीट लावून सिनेमा दाखवला तेच वर्ष. आईबाप नाटकमंडळीवाले, हा चालायला लागल्यापासून स्टेजवर, आणि खेळ काय तर बाप ह्याला उचलून फेकायचा, पडद्यावर, कधी प्रेक्षकांकडं. पडायचं कसं हे तो तिथं शिकला. आणि तिथंच त्याला कळलं की आपण हसलो की लोक कमी हसतात, म्हणून तोंड कायम सरळ. पुढं १९१७ ला रॉस्को आर्बकल ह्या त्या काळच्या मोठ्या विनोदी नटाच्या टोळीत आला, तीन वर्षं त्याच्याकडं काम केलं आणि १९२० ला स्वतःचा स्टुडिओ मिळाला, जिथं आधी चॅप्लिन काम करायचा तीच जागा. स्वतःच्या नावावर पहिला शॉर्ट त्यानं काढला तो खरा 'द हाय साइन', पण तो त्याच्या मनासारखा उतरला नाही म्हणून बाजूला ठेवला, तो १९२१ ला आला. लोकांपुढं पहिला आला तो 'वन वीक'. पहिलंच काम तयार झालेलं असताना 'हे नको' म्हणून बाजूला ठेवायला धमक लागते, मला त्या माणसाचं ते लई आवडतं.

पेट्यांतलं घर ही काय कल्पना नव्हती बरं का. अमेरिकेत तेव्हा सिअर्ससारख्या कंपन्या कॅटलॉगवरून अख्खं घर विकायच्या, सगळं लाकूड कापून, नंबर टाकून रेल्वेनं यायचं आणि लोक स्वतः जोडायचे. फोर्ड कंपनीनं १९१९ ला असल्याच घराची माहिती देणारी एक फिल्म काढली होती, कीटननं तिचीच चाल उचलली, कॅलेंडरचं पान फाटतंय आणि घर वर चढतंय. फक्त त्याच्याकडं रोज काहीतरी बिघडत जातंय.

बायकोचं काम सिबिल सीली नावाच्या नटीनं केलंय. त्या काळातल्या कॉमेडीत बायका बहुतेक करून किंचाळायला नाहीतर पळवून न्यायला असायच्या. ही घर उभं करताना नवऱ्याच्या बरोबरीनं राबते. मधीच ती भिंतीवर दोन बदाम काढते. पोरींना हे जरूर बघूदेत.

जांबोटी_रोड

होय होय हाच ओ! बदाम काढलेले आत्ता तुम्ही म्हटल्यावर आठवले. लई उपकार.

ओळंबा

मी सिनेमातला जाणकार नव्हे, बांधकामातला माणूस. वीस वर्षं सेंट्रिंग आणि गवंडीकाम करतोय, बेळगावच्या अनगोळ-वडगाव भागात निम्मी घरं बघितली तर आमच्या टीमचा हात लागलेला. मोबाईलवर हा पिक्चर मला पोरानं दाखवला आणि मी तो त्या रात्री तीनदा बघितला. रीळवेड्यांनी इतिहास सांगितला, मला त्या घराबद्दल बोलायचंय.

वाकडं घर बांधणं सरळ घरापेक्षा अवघड हाय. सरळ घराला ओळंबा हाय, म्हणजे भिंत उभी सरळ हाय का बघायला दोरीला बांधलेलं वजन, काटकोन बघायला गुण्या हाय, दोरी धरली की काम होतं. पण पडद्यावर बघणाऱ्याला एका नजरेत 'हे चुकलंय' असं कळलं पाहिजे, आणि ते घर उभं पण राहिलं पाहिजे, आत माणसं नाचली पाहिजेत, वर चढली पाहिजेत, असलं घर बांधायला कुणीतरी पक्का सुतार लागतो. छप्पर घराला लहान पडलंय, खिडक्या तिरक्या, आणि एक दार वरच्या मजल्यावर बाहेरच्या बाजूला, खाली पायरी नाही काही नाही. तो दार उघडून आरामात बाहेर पाऊल टाकतो आणि थेट खाली. ते पडणं खरं हाय. दोर नाही, जाळी नाही. त्याला त्यात चांगलाच मार बसला होता.

आणि एक भिंत त्याच्या अंगावर पडते तो सीन. अख्खी भिंत आडवी येते आणि तो नेमका खिडकीच्या चौकटीत उभा, म्हणून वाचतो. आमच्या कामात भिंत पडणं म्हणजे काय ते मी जवळून बघितलंय, त्यामुळं माझ्या पोटात गोळाच आला. तसंच पुढं १९२८ ला 'स्टीमबोट बिल ज्युनियर' मध्ये त्यानं परत केलं, त्या वेळी तर दोन मजली घराचा पुढचा अख्खा भाग, आणि खिडकी एवढीशी की खांद्याच्या दोन्ही बाजूला चार बोटं जागा. तिथं मापात एक इंच चुकून चालत नाही. तो उभा राहिला तिथं जमिनीत खिळा मारून खूण केली असणार, दुसरं काही जमतच नाही.

घर फिरतं ते कसं म्हणाल तर खाली मोठी चकती बसवली होती, रेल्वेचं इंजिन वळवायला असते तसली, त्याच्यावर अख्खं घर बांधलं. छोटं मॉडेल करून कॅमेऱ्याची चलाखी केली असती तरी चाललं असतं, पण केलं नाही. म्हणून आतनं माणसं बाहेर फेकली जातात ती खरोखरची फेकली जातात. आणि शेवटी रेल्वे घुसते ती पण खऱ्या इंजिनानं खरं घर फोडलंय. बांधलेलं घर असं फुटताना बघून वाईट वाटतं, मी खोटं सांगत नाही.

जांबोटी भाऊ, पोरांना आधी एक काम लावा. खपटाच्या पेट्या घ्या, नंबर टाका, एका गटानं दुसऱ्याचे नंबर बदलायचे आणि घर लावायला सांगायचं. मग पिक्चर दाखवा.

शहापूरची_लेक

मी मराठी शाळेत शिकले आणि आता कन्नड शाळेत शिकवते, त्यामुळं तुमच्या आवारातला आंबा मला न बघताच दिसला. पाट्यांचं मी सांगते.

या पिक्चरमध्ये पाट्या फार कमी हायत, कीटनला पाट्या आवडायच्याच नाहीत. आणि गोष्ट पुढं जाते ती कॅलेंडरच्या पानावर. सोमवारी लग्न, मग एकेक वार. आता बघा की, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, कन्नडमध्ये पण तेच. फक्त शेवटचा, आपला रविवार तिकडं भानुवार, आणि आपल्याकडची कन्नड माणसं रविवार पण म्हणतातच. म्हणजे पान बदललं की सगळ्या पोरांनी एकदम वार ओरडायचा, कुणाला काय समजावून सांगायला नको. आकडे तर इंग्रजीतच हायत, ते दोन्ही शाळेत शिकवतात. त्यात पण एक गंमत हाय, शेवटी कळतं की घर चुकीच्या प्लॉटवर बांधलंय, पाटी उलटी लटकलेली असते, इंग्रजी ६६ उलटं केलं की ९९. आपल्या ६ आणि ९ चं तसं होत नाही, तेव्हा आधी फळ्यावर एकदा इंग्रजी आकडा उलटा करून दाखवा म्हणजे तिथं पोरं अडणार नाहीत. मोठ्यांना तर सांगायलाच नको, सर्व्हे नंबर चुकून दुसऱ्याच्या जागेत पाया काढलेली घरं प्रत्येक गावात एखादं तरी निघतंच.

घरभरणीला पाहुणे येतात आणि वादळ होतं तो वार शुक्रवार, तारीख १३. तिकडं ते अशुभ धरतात. एका वाक्यात सांगायचं आणि सोडून द्यायचं. गमतीत काय असतं ते पोरांना आधी सांगत बसलं की गंमत संपली, हे मी वर्गात रोज बघते.

ज्या थोड्या पाट्या हायत त्या वाचायला एक पोरगी कन्नडसाठी आणि एक पोरगा मराठीसाठी पुढं उभा करा. हे काय नवीन नव्हे. मुक्या सिनेमाच्या काळात आपल्याकडं पडद्याशेजारी माणूस उभा राहून पाट्या मोठ्यानं वाचायचा, कारण बघणाऱ्यातल्या बऱ्याच जणांना वाचता यायचं नाही. शेवटची 'फॉर सेल' ची पाटी मात्र वाचू देऊ नका, ती आधीच कागदावर 'विकणे आहे' आणि 'माराटक्किदे' लिहून लपवून ठेवा आणि त्या क्षणाला दोघांनी वर धरा.

कायद्याचं, आपल्याकडं सिनेमाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, १९२० चा पिक्चर कधीच मोकळा झालाय. अमेरिकेत पण मोकळा हाय. पण यूट्यूबवर ज्या कॉपी असतात त्यांना कुणीतरी अलीकडं संगीत लावलेलं असतं, त्या संगीताचा हक्क वेगळा. म्हणून आवाज बंद करून लावा आणि स्वतःचं वाजवा.

आणि एक, गावात दाखवताय म्हणून सांगते, त्यात बायको टबात आंघोळ करताना साबण खाली पडतो. काही दिसत नाही, ती साबण उचलायला वाकणार एवढ्यात कॅमेऱ्यापुढं कुणाचातरी हात येऊन सगळं झाकून टाकतो. बायकामाणसं पदर तोंडाला लावून हसतील, काळजीचं काही नाही, पण तुम्ही आधी एकदा बघून ठेवा.

निपाणीचा_आप्पा

सगळ्यांनी चांगलं लिहिलंय पण मला थोडं वेगळं सांगायचंय. पहिल्याच दिवशी वीस मिनिटांचा मुका पिक्चर लावू नका ओ. आजची पोरं अर्ध्या मिनिटाच्या रील्सवर वाढलेली, त्यांची नजर आधी बसायला पाहिजे. तुमच्याकडं आठ संध्याकाळी हायत, चढत चढत जावा.

पहिल्या दिवशी ल्युमिएरचा १८९५ चा माळी आणि पाईपवाला दाखवा, पुरता एक मिनिटाचा पण नाही. माळी झाडांना पाणी घालतोय, एक पोरगं मागनं पाईपवर पाय ठेवतं, पाणी बंद, माळी तोंडाजवळ धरून बघतो आणि पोरगं पाय काढतं. बास. पडद्यावरचा विनोद तिथनं सुरू झाला असं म्हटलं तरी चालेल, आणि ऊस-तंबाखूला पाणी पाजणाऱ्या आपल्या माणसाला ह्यात समजावून सांगण्यासारखं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी चॅप्लिनचा 'किड ऑटो रेसेस ॲट व्हेनिस', सहा-सात मिनिटं. ढगळ पँट, आखूड कोट, गोल टोपी, छडी हा अवतार लोकांनी पहिल्यांदा बघितला तो ह्यात, ७ फेब्रुवारी १९१४ ला. मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीचा. गोष्ट म्हणावी तर काहीच नाही, पोरांच्या गाड्यांची शर्यत चाललीय, कॅमेरावाला ती काढायला आलाय आणि हा माणूस सारखा कॅमेऱ्यापुढं येऊन उभा राहतोय. ढकलला तरी परत येतोय. शर्यत खरी होती, गर्दी खरी होती, कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस गावची साधी माणसं शर्यत बघायला आलेली, चॅप्लिन कोण हे त्यातल्या कुणालाच माहीत नाही. मागं उभ्या असलेल्यांची तोंडं बघा, सुरुवातीला 'हा कोण खुळा' म्हणून बघतात आणि हळूहळू हसायला लागतात. पुढं सगळं जग ज्याच्यावर हसलं त्याच्यावर हसणारी पहिली माणसं ती, आणि ती आपल्याला आज डोळ्यांनी दिसतात. मला दर वेळी अंगावर काटा येतो. आणि पोरांना तर लगेच पटेल, लग्नाच्या व्हिडिओत सारखं मधी घुसणारा एक मामा प्रत्येकाच्या घरात असतोच.

आणि आपला माणूस विसरू नका. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) नंतर 'मोहिनी भस्मासुर' काढला, ज्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं, बायकांचं काम बाईनं करायची आपल्या सिनेमातली ती सुरुवात. त्या पिक्चरला जोडून त्यांनी 'पिठाचे पंजे' नावाचा एक छोटा विनोदी पट लावला होता. म्हणजे तिकडं चॅप्लिनची टोपी पडद्यावर आली त्याच्या आसपास इकडं मराठी माणूस हसवायचा सिनेमा काढूलाला होता. ही गोष्ट पोरांना तोंडी सांगा, आपल्याकडं कुणी सांगतच नाही.

एक सावधगिरी पण घ्या. त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन शॉर्टमध्ये तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची टिंगल केलेली असते, कीटनच्या पण काहींमध्ये हाय. 'वन वीक' ठीक हाय, पण बाकी जे लावाल ते आधी शेवटपर्यंत बघा. पोरांना तसलं हसायला शिकवायचं नाही.

पेटीतबला

आप्पांचं बरोबर पण मला 'वन वीक' चीच बाजू घ्यायची हाय, कारण वाजवायला तो सोन्यासारखा हाय. आमचं भजनी मंडळ, मी पेटीवर. दोन वर्षांमागं गणपतीत आम्ही मुक्या पिक्चरला वाजवलं होतं त्यावरनं सांगतोय.

आधी स्पीडचं बघा, कारण स्पीड चुकला की सगळं चुकतं. जुन्या पिक्चरमधली माणसं तुरुतुरु पळतात ती तशी पळत नव्हती. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे, एका फेऱ्यात आठ फ्रेम, सेकंदाला साधारण दोन फेरे, म्हणजे सोळा. बोलपट आल्यावर चोवीस ठरलं. आता हिशोब करा, एक रीळ हजार फुटांचं धरलं, फुटाला सोळा फ्रेम, झाल्या सोळा हजार. सोळाच्या वेगानं चालवलं तर पावणेसतरा मिनिटं, चोवीसनं चालवलं तर अकरा. तेच रीळ, साडेपाच मिनिटं कुठं गेली? माणसांच्या पायात गेली. विनोदी पिक्चरवाले मुद्दाम थोडं हळू फिरवायचे म्हणजे पडद्यावर जरा चपळ दिसेल, आणि १९२० पर्यंत एकूण वेग वाढला पण होता, त्यामुळं अगदी सोळावर आणू नका, मेल्यासारखं होतं. एकाच पिक्चरच्या दोनतीन कॉपी मिळतात, कमीजास्त मिनिटांच्या. ज्यात माणूस पडताना वजन जाणवतंय ती घ्या. पडल्यावर 'आई गं' असं तोंडातनं आलं पाहिजे, नुसतं टुणकन् उडाल्यासारखं दिसलं तर ती कॉपी जास्त फास्ट.

आता वाजवायचं. मुक्या सिनेमाच्या काळात आपल्याकडं थेटरात पेटी-तबलावालेच बसायचे, तेव्हा हे आपलंच काम. पहिली चूक आम्ही केली ती ही की प्रत्येक पडण्याला तबल्यावर थाप मारली. दहा मिनिटांत लोक कंटाळले. तमाशात सोंगाड्या पडला की ढोलकीवाला थाप देतो ते बरोबर, पण तिथं ढोलकीवाला सोंगाड्याची नजर बघून देतो आणि काही वेळा मुद्दाम चुकवतो. कीटनचं तोंड तर हलतच नाही, त्यामुळं वाजवणाऱ्यानं पण तोंड सरळ ठेवायचं. आम्ही नंतर असं केलं, पेटीवर साधी चाल चालू, राग भूप नाहीतर दुर्गा, तबल्यावर संथ केरवा, जणू काही घरात सगळं ठीक चाललंय. पडद्यावर घर फिरतंय आणि पेटी शांत. लोक जास्त हसले. घर जोरात फिरायला लागलं की तबला दुगुणीत, मग टाळ.

आणि रेल्वे येते तिथं सगळं बंद करा. पूर्ण बंद. पुढचं पोरं स्वतः वाजवतील.

दोन_पोरांची_आई

हे सगळं वाचून छान वाटलं पण एक विनंती. माझा धाकटा असलंच काहीतरी बघून माळ्यावरनं गादीवर उडी मारायला गेला आणि हात मोडून घेतला. दाखवा जरूर, पण पिक्चर संपल्यावर तो माणूस लहानपणापासनं पडायचं शिकला होता आणि तरी त्याला मार लागायचा हे सांगा. ओळंबा दादांनी लिहिलंय तसं सांगितलं तर पोरांना कळेल.

ओळंबा

ताई बरोबर बोललात. मी येऊन सांगतो, खानापूर काय लांब नाही. परांचीवरनं पडलेल्या माणसाचं मीच सांगितलेलं पोरं ऐकतील.

जांबोटी_रोड

मंडळी, झालं. सगळ्यांना सांगायला पाहिजे म्हणून रात्री बसून लिहूलालोय.

आप्पांचं ऐकलं, पहिल्या दिवशी माळी आणि पाईप दाखवला. चार वेळा परत लावायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या नळाला पाईप लावून अर्धी पोरं भिजलेली. तिसऱ्या संध्याकाळी चॅप्लिन. आणि काल 'वन वीक'.

सकाळी पेट्यांचा खेळ घेतला, खेळाच्या आधीच ओळंबा दादा बेळगावहून स्वतःचा गुण्या आणि ओळंबा घेऊन आले आणि भिंत सरळ हाय की नाही कसं बघतात ते दाखवलं, त्यामुळं संध्याकाळी पडद्यावर ते घर उभं राहिल्या राहिल्या एक पोरगं ओरडलं, 'ओळंबा लावलाच नाही!' पेटीवर आमच्या गावच्या भजनातले तात्या, तबल्याला त्यांचा नातू. वार ओरडायचं तर असं जमलं की सोमवारपासनं शनिवारपर्यंत सगळं आवार एका आवाजात आणि शेवटी निम्मी 'रविवार' निम्मी 'भानुवार', आणि मग दोन्ही बाजूनं अजून मोठ्यानं, कोण जास्त जोरात म्हणतं बघूया म्हणून, तात्यांना पेटी थांबवायला लागली.

तो वरच्या दारातनं पडला तेव्हा इकडनं 'पडला पडला' आणि तिकडनं 'बिद्दा बिद्दा'. पियानो आणणारा तो आडदांड माणूस एका खांद्यावर पियानो घेऊन येतो तिथं म्हातारी माणसं जास्त हसली, पोत्यांची हमाली केलेली माणसं ती. पदराचं शहापूरच्या ताईंनी सांगितलं होतं तसंच झालं.

रेल्वेच्या आधी मी तात्यांना खूण केली, सगळं बंद. एवढी दोनशे माणसं आणि रातकिडे ऐकू येत होते. घर रुळावर, रेल्वे येतेय, नवरा-बायको बाजूला होऊन डोळे झाकतात. आणि रेल्वे शेजारच्या रुळावरनं निघून जाते. सगळ्यांनी सोडलेला श्वास मला मागं प्रोजेक्टरजवळ ऐकू आला. आणि तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं दुसरी येऊन घराच्या चिंधड्या. हसणं आधी आलंच नाही. आधी एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, 'गेलं गा पोरांचं घर', आणि मग हसणं सुरू झालं ते थांबेना. 'विकणे आहे' आणि 'माराटक्किदे' वर धरली तेव्हा तर पाट्या धरणारी दोघंच इतकी हसत होती की पाट्या थरथरत होत्या.

संपल्यावर ताईंच्या सूचनेप्रमाणं मी आणि ओळंबा दादा मार लागण्याचं बोललो, पोरांनी ऐकलं. मग दुसरीतल्या एका मराठी शाळेतल्या पोरीनं विचारलं, 'ती दोघं आता राहणार कुठं?' मी काही बोलायच्या आत शेजारी बसलेला कन्नड शाळेतला पोरगा म्हणाला, 'मत्त कट्टतार.' परत बांधतील म्हणून. तिनं मान हलवली आणि दोघं घरी गेली.

आता शनिवारी अजून एक लावायचाय, आजूबाजूच्या दोन वाड्यांवरनं पण माणसं येतो म्हणूलालीत. भिंत पुरणार नाही, मोठा पांढरा पडदा कुणाकडं असला तर सांगा. पेटीतबला भाऊ, तुमचं मंडळ येऊ शकेल काय? तात्या म्हणतात एकट्याला दमायला होतंय. जेवायची सोय आमच्याकडं.